नागपूर सोडून गोव्यात राहायला जायचं? निघण्याआधी करायचा हिशोब

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की अनेक घरांत एकच विषय निघतो. "आता बस झालं, गोव्याकडे निघून जाऊ." कोणाचा मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात लागलेला असतो, कोणाचे भाऊ वास्कोला दुकान चालवतात, कोणी रिटायर होऊन समुद्राकाठी शांतपणे राहायचं ठरवत असतं. शक्तिपीठ महामार्गाच्या बातम्यांनी हा विषय अजून जवळचा वाटायला लागला आहे.

जायचं की नाही, हे प्रत्येक घराने आपल्या परिस्थितीनुसार ठरवायचं. आम्ही इथे फायदे-तोटे एकत्र मांडतो आहोत. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. लोक चर्चा हवेची करतात, पण नागपूरहून गोव्याला जाताना हवा हा सर्वात छोटा बदल असतो. तुम्ही राज्य बदलता. त्यासोबत मुलांच्या ॲडमिशनचे नियम, सरकारी योजनांवरचा हक्क आणि लग्न-वारसाचा कायदा, सगळंच बदलतं. मुस्लिम कुटुंबासाठी शेवटची बाब फार मोठी आहे आणि नेमकं तिच्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं.

थोडक्यात

फायदे: उन्हाळा सौम्य, थंडी जवळपास नाही, वीज आणि पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, मराठी वाचणारा-समजणारा समाज, औषध कारखाने आणि पर्यटनातलं काम.

तोटे: चार महिने मुसळधार पाऊस आणि वर्षभर दमट हवा, घरं महाग, नोकऱ्या हंगामी, राज्याचे बहुतेक हक्क वर्षांनुवर्षं राहिल्यावरच मिळतात, मुलांची ॲडमिशन दोन राज्यांच्या मध्ये अडकू शकते, लग्न आणि वारसाचा कायदा वेगळा, नातेवाईक हजार किलोमीटर दूर.

हवा: कोरडी भट्टी की ओला उकाडा

नागपूरची गरमी कोरडी असते. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली थंड करतो तो त्यामुळेच. गोव्यात हा कूलर कामाचा नाही. हवेत आधीच इतकं पाणी असतं की कूलर खोली अजून चिकट करतो. तिथे पंखा किंवा एसी, हे दोनच पर्याय आहेत. पणजीचा पारा उन्हाळ्यातही साधारण ३३-३४ अंशांवर थांबतो, पण घाम सुकत नाही, त्यामुळे एप्रिल-मे तिथेही त्रासाचेच जातात.

पावसाचा फरक याहून मोठा. नागपूरला वर्षाला सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात तो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये येतो. कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. कपाटातल्या शेरवानीला, चामड्याच्या चपलांना, किताबांना बुरशी लागते. लोखंडी वस्तू गंजतात, वीज जाते. त्वचेला खाज आणि बुरशीचे आजार होतात, डासांमुळे डेंग्यूची भीती राहते.

घरात दम्याचा किंवा सांधेदुखीचा पेशंट असेल तर फक्त डिसेंबरमधली सहल बघून ठरवू नका. डिसेंबर-जानेवारीचा गोवा सगळ्यांनाच आवडतो. खरी परीक्षा जुलैमध्ये होते. दुसरीकडे, ज्यांना नागपूरची लू सोसत नाही, उन्हामुळे ज्यांचं ब्लडप्रेशर बिघडतं, किंवा डिसेंबरच्या थंडीत ज्या बुजुर्गांची छाती भरते, त्यांना गोव्याची हवा खरोखर मानवू शकते. आपल्या डॉक्टरांना आधी विचारा.

अंतर: अम्मी-अब्बांना भेटायला किती वेळ लागेल

नागपूर ते पणजी रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर. नागपूर–मडगाव ही विशेष गाडी आठवड्यातून दोन दिवस धावते. ती भुसावळ, नाशिक, पनवेल करत कोकण रेल्वेवरून जाते आणि चोवीस तासांहून जास्त वेळ घेते. ही कायमची गाडी नाही, तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे तिकीट काढण्याआधी चालू आहे का ते बघावं लागतं. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळी दक्षिणेला आणि नवा मोपा उत्तरेला. मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं. नागपूरच्या एम्सचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं होतं. विमानाची वेळापत्रकं मोसमाप्रमाणे बदलतात आणि ईदच्या आठवड्यात भाडं चढतं.

शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आराखड्यात वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा रस्ता आहे. नागपूर–गोवा प्रवास १८ तासांवरून ८ तासांवर येईल असं सरकार सांगतं. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांचा जमीन देण्याला मोठा विरोध आहे. रस्ता होईल तेव्हा होईल, त्याच्या भरवशावर आज घर विकू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा की नागपुरात कोणाचा इंतकाल झाला, तर बहुतेक वेळा तुम्ही जनाज्याला पोहोचू शकणार नाही. वयस्क आई-वडील नागपुरात ठेवून जाणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच घरात बोलून घ्यावी.

काम आणि कमाई

गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात सर्वात वरच्या राज्यांमध्ये मोजलं जातं. म्हणून तिथे काम भरपूर असेल असं वाटतं. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत मात्र देशाचा बेरोजगारी दर ३.२ टक्के होता आणि गोव्याचा ८.५ टक्के. शिकलेल्या मुलांना मनासारखं काम मिळणं तिथल्या लोकांनाही कठीण जातं.

काम मुख्यतः तीन ठिकाणी आहे. पहिलं, वेर्णा, कुंडई, पिळर्ण अशा औद्योगिक वसाहती. यात औषध कंपन्या पुढे आहेत. फार्मसी, केमिस्ट्री किंवा आयटीआय केलेल्या नागपूरच्या मुलांसाठी हा सर्वात भक्कम मार्ग आहे, कारण पगार बारा महिने मिळतो. दुसरं, पर्यटन. हॉटेल, टॅक्सी, दुकानं. इथे ऑक्टोबर ते मार्च हंगाम, आणि पावसात अनेक ठिकाणी माणसं कमी केली जातात. तिसरं, हातचं काम: प्लंबिंग, एसी दुरुस्ती, फॅब्रिकेशन, शिलाई, गाड्यांचं गॅरेज. चांगल्या कारागिराला गोव्यात मागणी आहे आणि मजुरी नागपूरपेक्षा जास्त मिळते. खाणकामाच्या भरवशावर जाऊ नये. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कोर्टाच्या आदेशांनी खाणी बंद पडल्या तेव्हा हजारो घरांची रोजी गेली होती.

हॉटेलात नोकरी करणाऱ्यांनी कामाचं स्वरूप आधी विचारावं. गोव्यात दारू आणि डुकराचं मांस अनेक स्वयंपाकघरांत रोजचं असतं. रिसेप्शन, हाऊसकीपिंग, अकाउंट्स, मेंटेनन्स अशा विभागांत हा प्रश्न कमी येतो. मुलाखतीत स्पष्ट विचारलं तर पुढे मनस्ताप होत नाही.

घर: भाडं, खरेदी आणि कागद

गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे नागपूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात दिल्ली-मुंबईचे लोक सुट्टीचं घर म्हणून फ्लॅट घेतात. त्यामुळे जाफरनगर किंवा मानकापूरमध्ये ज्या पैशात ऐसपैस फ्लॅट येतो, त्या पैशात पणजी-पर्वरीकडे फार छोटी जागा मिळते. फोंडा, वाळपई, कुडचडे अशा आतल्या भागात भाव कमी असतात. किनाऱ्यालगत अनेक मालक ऑक्टोबरला घर पर्यटकांना देता यावं म्हणून अकरा महिन्यांऐवजी कमी मुदतीचा करार मागतात. करार लेखी आणि अकरा महिन्यांचाच घ्या. भाडेकरूची पोलीस पडताळणी तिथे काटेकोर असते, आधार आणि जुन्या पत्त्याचे कागद तयार ठेवा.

विकत घ्यायचं असेल तर सातबाऱ्याच्या जागी तिथे फॉर्म एक आणि चौदा असतो. त्यात कूळ किंवा मुंडकार म्हणून कोणाचं नाव आहे का ते आधी बघा. मुंडकार म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा माणूस. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला बाहेर काढता येत नाही. कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची जमीन कोणी वैयक्तिक म्हणून विकत असेल तर दूर राहा. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंधन आणलं आहे. खोट्या कागदांनी जमिनी हडपण्याचे इतके प्रकार निघाले की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

अजून एक फरक नीट ध्यानात ठेवा. गोव्यात विकणारा विवाहित असेल तर पती आणि पत्नी दोघांची सही लागते. जुन्या घराला वारस अनेक असतील तर त्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. "एक भाऊ परदेशात आहे, त्याची सही नंतर घेऊ" असं सांगितलं तर बयाणा देऊ नका.

मुलांचं शिक्षण: सर्वात नाजूक वय नववी ते बारावी

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मराठी आणि कोकणी माध्यमाच्या आहेत, पुढे बहुतेक शिक्षण इंग्रजीत होतं. मराठी माध्यमातलं लहान मूल तिथे सहज रुळतं. उर्दू माध्यमाचं तसं नाही. मोमिनपुऱ्यात पहिलीपासून ज्युनिअर कॉलेजपर्यंत उर्दूत शिकता येतं, गोव्यात उर्दू शाळा मोजक्याच आहेत. उर्दूतून शिकणारं मूल सातवी-आठवीत तिकडे नेलं तर एकाच वर्षात माध्यम, बोर्ड आणि भाषा तिन्ही बदलतात.

त्याहून गंभीर प्रश्न ॲडमिशनचा आहे. महाराष्ट्रात मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी साधारण नियम असा की विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी हवा आणि त्याची दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी. मुलीने दहावी नागपुरात आणि बारावी मडगावात केली, तर हा कोटा हातातून जाऊ शकतो. आणि गोव्याच्या कोट्यासाठी तिथला अनेक वर्षांचा रहिवास लागतो, जो तिच्याकडे नसतो. मग नीटमध्ये चांगले मार्क असूनही ती फक्त देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी उरते. इंजिनिअरिंगमध्ये आई-वडिलांच्या अधिवासावर काही सवलत मिळते, मेडिकलमध्ये नियम कडक आहेत.

म्हणून आमचा सल्ला असा: मूल नववी ते बारावीत असेल आणि मेडिकलची तयारी असेल, तर बारावी होईपर्यंत कुटुंब हलवू नका. वडिलांनी एकट्याने जाऊन काम सुरू करावं. मूल पाचवीच्या आत असेल तर अडचण सर्वात कमी.

हक्क वर्षांनी मोजले जातात

गोव्यात "तुम्ही किती वर्षं राहता" हा प्रश्न सगळीकडे विचारला जातो. राज्य सरकारच्या नोकरीसाठी मामलेदाराकडून १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं. महिलांसाठीची गृह आधार योजना आणि वृद्ध-विधवांसाठीची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना यांनाही १५ वर्षांचा रहिवास लागतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना या राज्याच्या आरोग्य विम्याला पाच वर्षं लागतात.

तिकडे महाराष्ट्रातले हक्क सुटतात. लाडकी बहीण योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या बहिणींसाठी आहे. मोमिन, बागवान, अत्तार, तांबोळी, खाटीक अशा जमातींना महाराष्ट्रात जो ओबीसी दाखला मिळतो, तो गोवा सरकारच्या नोकरीत किंवा कॉलेजात आपोआप चालत नाही. केंद्र सरकारच्या जागांसाठी तो मूळ राज्याच्या यादीवरूनच चालू राहतो, म्हणून नागपुरातले जातीचे जुने पुरावे जपून ठेवा. रेशनच्या बाबतीत मात्र सोय आहे. एक देश एक रेशन कार्डमुळे अन्नसुरक्षा यादीतलं कार्ड गोव्यातल्या दुकानावरही अंगठा लावून चालतं. आयुष्मान कार्डही राज्याबाहेर चालतं.

इलाजासाठी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हा मोठा आधार आहे. त्याची परंपरा १८४२ मध्ये सुरू झालेल्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते. पण तिथे बाहेरच्या राज्यातल्या पेशंटकडून फी घेतली जाते. नागपूर स्वतः विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेशासाठी इलाजाचं शहर आहे. मेडिकल, मेयो, एम्स आणि कॅन्सरची स्वतंत्र हॉस्पिटल सगळी एकाच शहरात आहेत. ज्यांच्या घरात डायलिसिस किंवा कॅन्सरचा इलाज चालू आहे, त्यांनी हे सोडताना दहा वेळा विचार करावा.

लग्न, तलाक आणि वारसा: कायदा वेगळा आहे

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांपासून मुक्त झाला, पण तिथले कौटुंबिक कायदे कायम राहिले. त्यांचं मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. १९३७ चा शरियत कायदा, ज्याच्या आधारे महाराष्ट्रात आपले निकाह, मेहर, वारसा हे विषय चालतात, तो गोव्याला लागू केलेला नाही. गोव्यातल्या मुसलमानांनाही तोच नागरी कायदा लागतो जो तिथल्या हिंदू-ख्रिश्चनांना लागतो. देशात समान नागरी कायद्याची चर्चा निघते तेव्हा गोव्याचं उदाहरण याचमुळे दिलं जातं.

त्यातल्या मुख्य गोष्टी अशा:

नोंदणी. लग्नाची सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंद सक्तीची आहे आणि ती दोन टप्प्यांत होते. आधी इच्छेची नोंद, मग ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा सही. निकाह आपल्या रीतीने होतोच, पण सरकारी दप्तरात पुरावा म्हणून ही नोंद चालते. दुसरी सही राहून गेली आणि पुढे वाद निघाला, तर बहुतेक वेळा बाईचं नुकसान होतं. मुलगी गोव्यात देत असाल तर दोन्ही सह्या झाल्याचा दाखला बघितल्याशिवाय गप्प बसू नका.

एकच लग्न. तिथे नोंदलेलं लग्न टिकून असताना दुसरं लग्न करता येत नाही. तलाकही कोर्टाच्या निकालानेच होतो.

मालमत्ता दोघांची. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची सगळी मालमत्ता एकत्र धरली जाते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क बनतो. हा करार लग्नाआधीच करता येतो, नंतर बदलता येत नाही.

वारसा. मृत्युपत्राने माणूस आपल्या हिश्शाच्या निम्म्या मालमत्तेचंच ठरवू शकतो. उरलेली निम्मी मुलाबाळांची, आणि त्यात मुलगा-मुलगी समान. शरियतमध्ये वसियत एक तृतीयांशपर्यंत असते आणि हिस्से ठरलेले असतात. दोन्ही हिशोब एकमेकांशी जुळत नाहीत.

यावर आपल्या समाजात दोन मतं आहेत आणि दोन्ही नीट ऐकली पाहिजेत. काही जण म्हणतात, दीनने जे हिस्से ठरवले त्याप्रमाणे वाटणी करायला कायदा मोकळीक देत नसेल तर तो आमच्यासाठी तोट्याचा. काही जण, विशेषतः बहिणी, म्हणतात की महाराष्ट्रात शरियतने मुलीला जो हिस्सा दिला आहे तोही अनेक घरांत "बहिणीने माफ केला" म्हणून दिला जात नाही. गोव्यात निदान तिच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. ही चर्चा आपल्या घरात आणि आपल्या आलिमांसोबत करावी. पण अंधारात राहून तिकडे जाऊ नये, इतकं आम्ही नक्की म्हणू.

आता प्रश्न येतो, नागपूरहून गेलेल्याला हे कधी लागू होतं? नोकरीसाठी भाड्याने राहिल्याने तुमचा कायदा लगेच बदलत नाही. मुद्दा अधिवासाचा असतो, म्हणजे कायमचं घर कुठे केलं याचा. मुलांची लग्नं गोव्यात नोंदवली, तिथेच कायमचं घर केलं, की चित्र बदलतं. १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागेल. तो वाद मुंबईतल्या मालमत्तेचा होता. उद्या तोच प्रश्न मोमिनपुऱ्यातल्या वडिलोपार्जित घराबद्दलही उभा राहू शकतो. म्हणून घर विकत घेण्याआधी किंवा लग्न नोंदवण्याआधी गोव्यातल्या वकिलाकडून लेखी सल्ला घ्या. नागपूरच्या वकिलाला या कायद्याचा रोजचा सराव नसतो.

मस्जिद, मदरसा, कब्रस्तान, जेवण

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती, त्यात मुस्लिम ८.३ टक्के. वास्को, मडगाव, फोंडा, पणजी, वाळपई या भागांत वस्ती जास्त आहे. त्यात जुनी कोकणी बोलणारी घरं आहेत आणि कर्नाटकातून आलेली उर्दू-कन्नड बोलणारी घरंही. फोंड्याची सफा मस्जिद १५६० ची, विजापूरच्या अली आदिलशाहच्या काळातली. म्हणजे मुसलमान तिथे नवे नाहीत. पण ताजबाग किंवा मोमिनपुऱ्यासारखं वातावरण, जिथे पाच मिनिटांवर मस्जिद, मदरसा, हलाल दुकान आणि नात्यातली दहा घरं असतात, ते तिथे थोड्याच मोहल्ल्यांत मिळतं. घर बघताना मस्जिद किती दूर आणि मुलांच्या नाजऱ्याची सोय कुठे, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं समजा. कदंबच्या आणि खाजगी बसेस संध्याकाळनंतर कमी होतात, दुचाकी नसेल तर इशाला जाणंही अवघड होतं.

कब्रस्तानाबद्दल आधी विचारून ठेवा. मडगावात कब्रस्तानाची जागा अपुरी पडते म्हणून सोनसोडोच्या जागेचा प्रश्न कित्येक वर्षं चालू आहे. जिथे राहणार तिथल्या जमातीत नाव नोंदवण्याची पद्धत काय आणि दफनाची सोय कुठे, हे पहिल्याच महिन्यात बघावं.

नमाजच्या वेळाही बदलतात. गोवा नागपूरच्या पश्चिमेला असल्यामुळे जोहरची वेळ सुमारे २० मिनिटं उशिरा सुरू होते. नागपूरचं टाइमटेबल रमजानमध्ये वापरू नका, स्थानिक मस्जिदचं घ्या.

जेवणात मासळी भरपूर, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि भाव चढतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल कापण्यावर बंदी आहे. गोव्यात गाईला बंदी आहे, बाकीच्यासाठी कायदा वेगळा. म्हणून तिकडून निघताना गाडीत मांस घेऊन महाराष्ट्रात येऊ नका, रस्त्यात विनाकारण अडचण होते. हॉटेलात खाताना फक्त "चिकन आहे का" विचारून भागत नाही. हलाल आहे का आणि डुकराच्या मांसाची भांडी वेगळी आहेत का, हेही विचारा.

भाषा आणि शेजार

मराठी गोव्यात परकी नाही. मराठी वर्तमानपत्रं घरोघरी वाचली जातात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, पण सरकारी कामात मराठी वापरण्याची मुभाही ठेवली. तरी एक नाजूक गोष्ट आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला होता. "कोकणी म्हणजे मराठीचीच बोली" असं म्हटलेलं तिथे अनेकांना लागतं. बाहेरून आलेल्यांना "भायले" म्हणतात आणि जमीन-नोकऱ्या बाहेरचे नेतात अशी तक्रार तिथे आहे. दोन-चार वाक्यं कोकणी शिकून घेतली, पंचायतीचे नियम पाळले, कचरा वेगळा करून दिला, तर शेजार चांगला मिळतो.

मधला मार्ग: आपलाच किनारा

समुद्र आणि सौम्य हवा एवढंच हवं असेल तर गोव्याच्या सीमेला लागून सिंधुदुर्ग आहे, वर रत्नागिरी आणि रायगड. सावंतवाडी, कुडाळ, रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन या भागांत कोकणी मुस्लिमांची शेकडो वर्षं जुनी वस्ती, मस्जिदी आणि शाळा आहेत. राज्य तेच, त्यामुळे अधिवास, ओबीसी दाखला, ॲडमिशनचा कोटा, राज्याच्या योजना आणि निकाह-वारशाचा कायदा काहीच बदलत नाही. मोपा विमानतळही सावंतवाडीहून जवळ पडतो. तोटा असा की कारखाने कमी, मोठी हॉस्पिटल दूर आणि तरुणांना नोकऱ्या थोड्या. रिटायर झालेल्या जोडप्यासाठी मात्र हा पर्याय गोव्याइतकाच, कधी जास्त सोयीचा आहे.

कोणाला जमेल, कोणाला नाही

कारखान्यात बारमाही नोकरी हातात असलेला तरुण, लहान मुलांचं कुटुंब, हुनर असलेला कारागीर: यांना गोवा फायद्याचा ठरू शकतो.

नववी ते बारावीतली मुलं असलेलं घर, योजनांच्या पैशावर चालणारं घर, मोठा इलाज चालू असलेलं घर, आणि नोकरी ठरल्याशिवाय "तिथे गेल्यावर बघू" म्हणणारं घर: यांनी सध्या थांबावं.

निघण्याआधी

१. पाऊस बघा. जुलै-ऑगस्टमध्ये किमान तीन आठवडे भाड्याने राहून बघा, घरातल्या बुजुर्गांना सोबत घेऊन.

२. नागपूरचं घर पहिली दोन वर्षं विकू नका. भाड्याने द्या. परतीचा दरवाजा उघडा राहतो.

३. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, महाराष्ट्राचा अधिवास दाखला, जातीचे आणि नॉन-क्रीमीलेअरचे कागद नागपुरातच काढून घ्या. नंतर सेतू केंद्रासाठी हजार किलोमीटर यावं लागतं.

४. गाडी नेत असाल तर आरटीओकडून ना-हरकत दाखला घ्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि तिथला करही भरावा लागतो.

५. कायमचं राहायचं पक्कं झाल्यावर मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ भरून बदला. दोन्हीकडे नाव ठेवणं गुन्हा आहे.

६. गोव्यात पोहोचल्या दिवसापासून राहण्याचे पुरावे जमा करा: भाडेकरार, वीजबिल, शाळेची फी, गॅसची नोंद. पाच वर्षांचा आणि पंधरा वर्षांचा दाखला याच कागदांवर मिळतो.

७. घर घेण्याआधी आणि मुला-मुलीचं लग्न नोंदवण्याआधी तिथल्या वकिलाचा लेखी सल्ला घ्या, आणि तो घरातल्या बायकांसमोर वाचून दाखवा. या निर्णयात त्यांच्या नावावर काय येतं आणि काय जातं, हे त्यांना आधी कळायला हवं.